गुडघा सरळ केल्यावर पायाची लांबी का बदलते?

गुडघ्याजवळचं हाड कापून वाकडा पाय सरळ केला, की त्या पायाची लांबी सहसा थोडी बदलते. कुणाचा पाय काही मिलिमीटर वाढतो, कुणाचा घटतो. याला लगेच डॉक्टरांची चूक समजायचं कारण नाही. बहुतेक वेळा तो भूमितीचा हिशेब असतो आणि हाडाला करवत लागण्याआधी कागदावर मांडता येतो. पण ऑपरेशनआधीच्या बोलण्यात खर्च किती, सुट्टी किती, जिना कधी चढता येईल, खाली बसता येईल का, हे सगळं येतं आणि लांबीचा विषय राहून जातो. मग वॉकर सुटतो, माणूस आरशासमोर उभा राहतो, पँटचा एक पाय बुटावर लोळतोय आणि दुसरा घोट्याच्या वर आहे असं त्याला दिसतं, आणि शंका सुरू होते.

ही शंका बरीचशी रास्त असते, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे हाडाच्या लांबीत खरोखर झालेला बदल. दुसरी म्हणजे तसा वाटणारा बदल, जो पहिल्या काही महिन्यांत खऱ्यापेक्षा मोठा असू शकतो, कधी तर उलट्या दिशेचाही असतो. आधी खरा बदल पाहू.

वजनाची रेषा

पन्नाशीच्या आसपास गुडघे धरायला लागलेल्या अनेकांचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले दिसतात. पावलं जुळवून उभं राहिलं तरी दोन गुडघ्यांमध्ये मूठ जाईल एवढी फट राहते. आपण त्याला फेंगडे पाय म्हणतो.

खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा काढा. शरीराचं वजन या रेषेने खाली उतरतं असं डॉक्टर धरतात. सरळ पायात ही रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. फेंगड्या पायात ती आतल्या बाजूला सरकते, कधी कधी गुडघ्याच्या पार बाहेर, दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. मुळात चालताना चांगल्या गुडघ्यातही साधारण ६० ते ७० टक्के भार आतला कप्पा, म्हणजे सांध्याचा आतल्या बाजूचा भागच उचलतो. रेषा आत सरकली की त्याच्यावर आणखी बोजा येतो, तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, झिजल्यामुळे पाय आणखी वाकतो आणि वाकल्यामुळे आणखी झिजतो.

हे चक्र तोडण्यासाठी नडगीचं हाड वरच्या टोकाशी, सांध्याच्या जरा खाली कापतात आणि ठरलेल्या अंशात वळवून प्लेट-स्क्रूने बसवतात. सांधा स्वतःचाच राहतो, फक्त त्याच्यावर पडणारा भार झिजलेल्या आतल्या कप्प्यावरून बाहेरच्या चांगल्या कप्प्याकडे थोडा सरकतो. ‘हाय टिबियल ऑस्टिऑटॉमी’ हे याचं पूर्ण नाव. दवाखान्यात सगळे एचटीओ म्हणतात. गुडघ्याची रुंदी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ० ते १०० धरली, तर वजनाची रेषा ६२ च्या आसपास न्यावी हा संकेत जपानच्या फुजिसावा आणि सहकाऱ्यांच्या १९७९ च्या कामापासून चालत आला आहे. हल्ली बरेच सर्जन कूर्चा किती झिजली आहे ते पाहून ५० ते ६२ च्या मधलं ठिकाण निवडतात. हे ऑपरेशन बहुतेक करून साठीच्या आतल्या, हिंडत्याफिरत्या माणसांसाठी असतं, ज्यांचा एकच कप्पा खराब झाला आहे आणि ज्यांना इतक्यात सांधा बदलायचा नाही.

पाचर घालायची की काढायची

हाड वळवायचे मुख्य मार्ग दोन.

पहिल्यात नडगी आतल्या बाजूने कापत नेतात, पण बाहेरच्या बाजूचं साधारण एक सेंटिमीटर हाड अखंड ठेवतात. ते अखंड हाड बिजागरीचं काम करतं. मग काप हळूहळू उघडतात आणि पाचरीच्या आकाराची फट तयार होते. फट प्लेटने टेकवून धरतात. मोठी असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा हाडाला पर्याय म्हणून मिळणारा पदार्थ भरतात. याला ओपन वेज म्हणतात. दुसऱ्या मार्गात बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर कापून काढून टाकतात आणि उरलेल्या दोन कडा एकमेकींवर मिटवतात. हे क्लोज्ड वेज. यात बिजागरी आतल्या बाजूला असते.

एका पद्धतीत हाडात जागा वाढली आणि दुसरीत हाड कमी झालं, म्हणून पहिलीत पाय लांब होतो आणि दुसरीत आखूड, इतकं कुणालाही कळेल. गंमत पुढे आहे. १० मिलिमीटरची फट उघडली म्हणून पाय १० मिलिमीटर वाढत नाही.

दार उघडताना कडीच्या बाजूला माणूस जाईल एवढी फट पडते, बिजागरीपाशी बोटही जात नाही आणि दाराच्या मध्यावर ती बरोबर निम्मी असते. नडगीतही तेच होतं. फट आतल्या कडेला १० मिलिमीटर, बाहेरच्या कडेला शून्य, मध्यावर ५. आणि घोटा नडगीच्या मध्याखाली असतो, कडेखाली नाही. त्यामुळे पायाच्या लांबीत जमा होतात ते साधारण हे मधले ५ मिलिमीटर. क्लोज्ड वेजमध्येही तसंच, १० मिलिमीटरची पाचर काढली तर वजा होतात सुमारे ५.

हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग बाक जाण्याचा.

मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ४० सेंटिमीटर आणि तिथून घोट्यापर्यंत ३६ सेंटिमीटर धरा. दोन्ही एका रेषेत असतील तर खुबा ते घोटा अंतर ७६ सेंटिमीटर. गुडघ्यात कोन आला की हाडं तेवढीच राहतात, पण दोन टोकांमधलं सरळ अंतर घटतं. ५ अंशांच्या बाकाने जेमतेम पाऊण मिलिमीटर जातो. १० अंशांनी जवळजवळ ३ मिलिमीटर, १५ अंशांनी साडेसहा, २० अंशांनी साडेअकरा. बाक दुप्पट झाला की तूट चौपट होते. म्हणून थोड्याशा बाकाला लांबीच्या दृष्टीने काही महत्त्व नाही आणि मोठ्या बाकाला बरंच आहे. पाय सरळ केला की ही गेलेली लांबी परत मिळते, आणि ती दोन्ही पद्धतींत मिळते. पाचर घातली काय नि काढली काय, बाक तर दोन्हीकडे जातोच.

आता बेरीज करू. समजा, पाय ८ अंश बाहेर वाकलेला आहे आणि तो सरळ रेषेच्या पलीकडे २ अंश न्यायचा आहे, म्हणजे एकूण १० अंश वळवायचा. कापाच्या ठिकाणी हाड ६० मिलिमीटर रुंद असेल तर कडेला सुमारे साडेदहा मिलिमीटरची फट लागेल. तिचा मध्य ५ पेक्षा किंचित जास्त. बाक गेल्याने मिळाले पावणेदोन. ओपन वेजने पाय सुमारे ७ मिलिमीटर वाढला. हाच पाय क्लोज्ड वेजने केला असता तर सव्वापाच वजा आणि पावणेदोन अधिक, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच घटला असता.

फेंगडा पाय सरळ करताना ओपन वेजने वाढणारी लांबी ही क्लोज्ड वेजने घटणाऱ्या लांबीपेक्षा सहसा जास्त असते, ती यामुळे. ‘एकाने जेवढा वाढतो तेवढाच दुसऱ्याने कमी होतो’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणून खरं नाही. वरचे आकडे उदाहरणाचे आहेत. उंच माणसाची हाडं लांब, रुंद हाडाची फट मोठी, बिजागरी थोडी इकडेतिकडे, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार. पण मामला एक सेंटिमीटरच्या आतबाहेरचा आहे, इंचांचा नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

जाता जाता रुंदीबद्दल. ‘एक अंशाला एक मिलिमीटर’ असा एक जुना ठोकताळा आहे. हाड ५७ मिलिमीटरच्या आसपास रुंद असेल तर तो अचूक लागतो. धिप्पाड पुरुषाची नडगी त्या जागी ७० मिलिमीटर असली, तर १० अंशांसाठी १२ मिलिमीटरहून जास्त फट हवी. तिथे ठोकताळ्यावर विसंबलं तर पाय पुरता सरळ होत नाही. एक्स-रेवर कोन मांडून आखणी करतात ती अशासाठी.

पद्धत निवडताना लांबी कितपत बघतात

क्लोज्ड वेज रूढ केली ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मार्क कोव्हेंट्री यांनी. त्यांचा गाजलेला लेख १९६५ चा. पुढची तीन दशकं बऱ्याच ठिकाणी तीच चालली. तिच्यात हाड हाडाला भिडतं, त्यामुळे लवकर जुळतं. पण बाहेरच्या बाजूला नडगीशेजारी दुसरं बारीक हाड असतं, ते आड येतं. ते कापावं लागतं किंवा त्याचा वरचा सांधा सैल करावा लागतो, आणि पाऊल वर उचलणारी नस त्याच्या अगदी जवळून वळते. २००० च्या सुमारास स्क्रू प्लेटमध्येच आटे बसून घट्ट होणाऱ्या लॉकिंग प्लेट आल्या. नुसती फटही त्या भक्कम धरून ठेवू लागल्या आणि पारडं ओपन वेजकडे झुकलं. आज तुम्हाला एचटीओ सुचवली तर ती बहुधा ओपन वेज असेल, आणि म्हणून तुमचा पाय बहुधा वाढेल.

तिसरा एक प्रकार आहे, काप कमानीसारखा गोल घ्यायचा आणि हाड त्या कमानीवर फिरवायचं. बेल्जियमच्या पॉल माके यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. यात पाचर घालायची नाही आणि काढायचीही नाही, त्यामुळे बाक गेल्याची तेवढी लांबी वाढते. कसब मात्र जास्त लागतं.

ज्यांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासतात, त्यांचा दोष पुष्कळदा मांडीच्या हाडात असतो. तिथे त्या हाडाच्या खालच्या टोकाशी आतल्या बाजूची पाचर काढतात. पाचरीमुळे गेलेली लांबी बाक गेल्यामुळे बऱ्याच अंशी भरून निघते. फार वाकडा पाय असेल तर मांडी आणि नडगी दोन्ही ठिकाणी काप घेतात, एकीकडे पाचर काढून आणि दुसरीकडे उघडून. त्यातही बेरीज-वजाबाकी बरीचशी फिटते.

खरं सांगायचं तर नुसत्या लांबीसाठी पद्धत निवडण्याची वेळ क्वचित येते. कूर्चा, अस्थिबंध, गुडघ्याच्या वाटीची उंची, नडगीच्या माथ्याचा उतार हे विषय आधी येतात. पण एक पाय आधीपासूनच आखूड असेल तर मात्र लांबी पहिल्या रांगेत येऊन बसते. लहानपणी पोलिओ होऊन गेलेली, किंवा अपघातात मांडीचं हाड मोडून आखूड जुळलेली माणसं आपल्या आसपास पुष्कळ आहेत. आखूड पायाचाच गुडघा वाकला असेल तर ओपन वेजने दोन कामं एका वेळी होतात. लांब पायाचा वाकला असेल तर तीच पद्धत फरकात भर घालेल आणि क्लोज्ड वेजचा विचार करावा लागेल. फरक दोन-तीन सेंटिमीटरचा असेल तर हे दोन्ही उपाय अपुरे पडतात. मग सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या बाहेरच्या कड्यांच्या पद्धतीकडे जावं लागतं. तिच्यात कापलेलं हाड दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही चार वेळा थोडं थोडं करून, ताणत नेतात आणि कोन व लांबी दोन्ही जागेवर आणतात. कित्येक महिने पायात तारा आणि कडी घेऊन राहायचं असतं, त्यामुळे पाच-सात मिलिमीटरसाठी त्या वाटेला कुणी जात नाही.

दुसरा पाय

पाय लांब झाला, असं आपण म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या मानाने लांब झालेला असतो. त्यामुळे दुसरा पाय आधी कसा होता हे कळल्याशिवाय नुसत्या मिलिमीटरला काही अर्थ नाही.

फेंगडेपणा बहुधा दोन्ही पायांत असतो, पण सारखा नसतो. ज्या पायाचं ऑपरेशन आधी होतं तो जास्त वाकलेला असतो, म्हणजे थोडा आखूडही असतो. समजा, त्याचा बाक १२ अंश आहे आणि दुसऱ्याचा ४. नुसत्या बाकामुळेच पहिला पाय साडेतीन मिलिमीटरच्या आसपास मागे पडलेला असणार. वरच्याच हिशेबाने ओपन वेजने तो साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास वाढला, तरी त्यातले पहिले साडेतीन जुनी तूट भरण्यात जातात आणि दिसणारा फरक ८ च्या घरात राहतो. एवढा फरक तर ज्यांनी कधी गुडघ्याला हात लावू दिला नाही अशा धडधाकट लोकांतही सहज सापडतो. दोन्ही पाय अगदी तंतोतंत सारखे असलेला माणूस विरळाच.

दोन्ही पाय सारखेच वाकलेले होते आणि एकच केला, तर मात्र सगळी वाढ फरक म्हणून अंगावर येते. अशा माणसांना उभं राहिल्यावर जो चमत्कारिक तिरपेपणा जाणवतो तो काल्पनिक नसतो. एक पाय सरळ, एक वाकडा. पावलांची दिशासुद्धा वेगळी पडते.

वाटतं तेवढं असतं का?

फिजिओथेरपीच्या खोलीत नेहमी दिसणारी गोष्ट अशी: पाय हिशेबाने ७ मिलिमीटर वाढलेला असतो आणि रुग्ण सांगतो, ‘पाय तोकडा झालाय.’ तो खोटं बोलत नाही. उताणं झोपवून गुडघ्याखाली हात घालून पाहिलं तर पलंग आणि गुडघा यांच्यात पोकळी राहते. गुडघा पुरता सरळच होत नसतो.

वरचाच आकडा पुन्हा घ्या. बाहेरच्या बाजूचा बाक गेला, पण गुडघा पुढून २० अंश दुमडलेला राहिला, तर साडेअकरा मिलिमीटर गेले. मिळाले ७, गेले साडेअकरा. उभं राहताना पाय साडेचार मिलिमीटर आखूड. हाड लांब झालंय आणि पाय आखूड झालाय, दोन्ही एकाच वेळी खरं.

हे कशाने होतं? बरं वाटावं म्हणून गुडघ्याखाली ठेवलेल्या उशीने. ऑपरेशननंतर गुडघा थोडा दुमडून ठेवला की दुखणं कमी होतं, म्हणून घरचे मायेने उशी सरकवतात. आठवडाभर तसंच राहिलं की मागचे स्नायू त्या लांबीला सरावतात आणि गुडघा आखडतो. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवावी, गुडघा अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनाने खाली जाईल अशी. ते दुखतं, कुणाला आवडत नाही, आणि नेमकं तेच करायचं असतं. जोडीला मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा पलंगावर दाबायचा व्यायाम, डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून.

बाकीची कारणं थोडक्यात. मांडीचा स्नायू रोडावलेला असतो, त्यामुळे तो पाय टाकताना कंबर झुकते. वर्षानुवर्षं वाकड्या पायावर चालून कंबरेने, खुब्याने, पाठीने एक तिरकी सवय लावून घेतलेली असते. पाय एका सकाळी सरळ झाला तरी ती सवय सरळ होत नाही. कुबडीवर भार देऊन एक बाजू उचलली गेलेली असते. या सगळ्यातून लांबीचा जो भास होतो तो बहुतेकांचा तीन ते सहा महिन्यांत, हाड जुळत आणि चाल सुधारत जाते तसा ओसरतो. म्हणून वॉकर सुटला त्याच आठवड्यात बुटात टाचेखाली उंचवटा घालू नये असं माझं ठाम मत आहे. आखडलेल्या गुडघ्याच्या पायाखाली उंचवटा दिला की त्या गुडघ्याला सरळ व्हायची गरजच उरत नाही.

मोजायचं कसं

साधी पद्धत टेपची. उताणं झोपून, दोन्ही पाय सारखे ठेवून, कंबरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत मोजायचं. ही खरी लांबी. बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजलं की वाटणारी लांबी मिळते. पहिली सारखी आणि दुसरी वेगळी आली तर दोष कंबरेच्या तिरपेपणात आहे, हाडात नाही. पण टेपमध्ये मोजणारा बदलला की आकडा सहज अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, आणि आपण तर तेवढाच फरक शोधतोय. घरी टेप घेऊन रोज मोजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्याहून बरी पद्धत फळ्यांची. अनवाणी, दोन्ही गुडघे शक्य तितके सरळ ठेवून उभं करायचं आणि आखूड वाटणाऱ्या पायाखाली ५ मिलिमीटरची एकेक फळी सरकवत जायचं. मागून कंबरेची दोन्ही हाडं एका पातळीत आली आणि रुग्ण ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला की थांबायचं. किती फळ्या लागल्या तेवढा फरक. यात रुग्णाचं शरीर स्वतः साक्ष देतं, म्हणून मला ती जास्त पटते.

नक्की आकडा हवा असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला लांब एक्स-रे लागतो. ऑपरेशनच्या आखणीसाठी तो आधी काढलेला असतोच. तो जपून ठेवा. नंतरचा एक्स-रे त्याच्याशी ताडून पाहता येतो. गुडघ्याच्या वाट्या समोर बघत असल्या पाहिजेत आणि फोटोत मापाची खूण असली पाहिजे, नाहीतर एक्स-रेत प्रतिमा मोठी दिसते आणि मिलिमीटर चुकतात. गुडघा दुमडलेला असताना काढलेल्या फोटोवरून लांबीबद्दल काही बोलू नये.

चप्पल दारात राहते

फरक एक सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेकांचं शरीर तो सांभाळून घेतं आणि काही करावं लागत नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतही कित्येक जण तक्रार न करता चालतात. दोनच्या पुढे चाल बदलते आणि उंचवटा द्यावा लागतो. मधल्या पट्ट्यात आकड्यापेक्षा त्रास बघायचा: कंबर दुखते का, लंगडल्यासारखं होतं का, दुसऱ्या पायावर ताण येतो का.

उंचवटा बुटाच्या आत एक सेंटिमीटरपर्यंत मावतो, त्याहून जास्त असेल तर टाच बुटातून निसटायला लागते. मग तो तळाला बाहेरून लावून घ्यावा. फरक पूर्ण भरून काढण्याची घाई नको. निम्म्याने सुरुवात करून पुढचं ठरवतात.

पण परदेशी पुस्तकांतला हा सल्ला आपल्या घरात येऊन अडखळतो. बूट दिवसभर पायात असतील हे त्यात गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे चप्पल दारात निघते आणि दिवसाचा मोठा भाग फरशीवर अनवाणी जातो, स्वयंपाकघरात तर सलग दोन-दोन तास उभ्याने. ज्या बाईला उंचवट्याची खरी गरज आहे तिला तो बाजारात जाऊन येण्यापुरताच मिळतो. घरात घालायची एक वेगळी जोडी ठेवून तिला उंची लावून घेतली तरच उपयोग. कोल्हापुरी किंवा अंगठ्याच्या सपाट चपलेत आतून काही बसत नाही. तिच्या तळाला जादा थर शिवून किंवा चिकटवून घ्यावा लागतो, आणि ते काम नाक्यावरचा चप्पल दुरुस्त करणारा व्यवस्थित करतो. त्याला मापाची फळी नेऊन दाखवावी म्हणजे अंदाजपंचे होणार नाही.

राहिलेले प्रश्न

प्लेट काढल्यावर पाय परत पहिल्यासारखा होईल का, असं हमखास विचारतात. होत नाही. फटीत तोवर स्वतःचं हाड भरलेलं असतं, लांबी त्या हाडाची आहे, प्लेटची नाही. मात्र हाड जुळायच्या आत फट दबली तर लांबीही जाते आणि सरळपणाही जातो. कमी होत आलेलं दुखणं एकाएकी वाढलं, पाय परत बाहेर वाकायला लागल्यासारखा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा. तंबाखू आणि सिगारेट हाड जुळण्याच्या आड येतात; ओपन वेजमध्ये मोकळी फट भरायची असते म्हणून तिथे ते जास्त नडतं.

सांधा बदलल्यावरही पाय लांब वाटतो, त्याचं काय? तिथेही बाक जातो आणि दुमडलेला गुडघा सरळ होतो, त्यामुळे वाढ दिसते. पाचरीचा भाग तेवढा नसतो.

आणि दुसऱ्या पायाचं ऑपरेशन पुढेमागे होणार असेल तर पहिल्या पायाची पद्धत कोणती होती हे फाइलमध्ये स्पष्ट लिहून घ्या, विशेषतः डॉक्टर किंवा शहर बदलणार असाल तर. एक पाय ओपन वेजने ७ मिलिमीटर वाढलेला आणि दुसरा क्लोज्ड वेजने साडेतीन मिलिमीटर घटलेला, म्हणजे आधी सारख्या असलेल्या दोन पायांत एक सेंटिमीटरचा फरक पडला. दोन्हीकडे एकच पद्धत आणि जवळपास तेवढेच अंश घेतले असते, तर उंची दोन्ही बाजूंनी सारखीच वाढली असती आणि दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळापुरता निम्म्या सेंटिमीटरचा उंचवटा चपलेला पुरला असता.